मंगळवार-बुधवारचं काही सापडत नाही

१२ मे, सोमवार

बाहेर ४४. आत २५, पण ते केळीच्या रोपांसाठी. ग्रोथ रूममध्ये बाटल्या गारव्यात बसतात आणि सर्व्हरच्या कोंदट खोलीत मी. एसी पुन्हा गळतोय. भाऊंना तिसऱ्यांदा सांगितलं. "वर्षा, लॅब मी केळीसाठी काढली, तुझ्या डब्यासाठी नाही." मालक माणूस, काय बोलणार!

डिस्क ९० टक्के भरली. नवी मागवायला हवी. हे मी एप्रिलमध्येही इथेच लिहिलंय. धन्य.

नसरीन आपांनी कैरीचं लोणचं आणलं. रोज नशिराबादहून येतात. ट्रान्सफर रूममधल्या चौदा बायकांवर त्यांची देखरेख, गेली नऊ वर्षं. मला मॅडम म्हणतात आणि पोरीसारखं दटावतात. "मॅडम, जेवलात का नुसता चहा ढोसला?" नुसता चहा ढोसला होता.

१३ मे, मंगळवार

ट्रान्सफर रूममध्ये तासभर बसले. स्कॅनर नीट चालतात का बघायला, पण खरं सांगायचं तर एसीसाठी.

आईबाटली आधी स्कॅन करायची, मग उघडायची. कोंब कापायचे, नव्या बाटल्यांत लावायचे, त्यांवर कोडचं लेबल चिकटवून त्या स्कॅन करायच्या. नव्या बाटलीच्या झाकणावर तारीख आणि बाईचा नंबर. तिची आई कोण, ते फक्त सिस्टिमला ठाऊक. स्कॅनच्या आधी कुणी झाकणाला हात लावला की आपांचा आवाज कॉरिडॉरपर्यंत. "आधी दाखव, मग उघड! कितीदा सांगू गं?"

माझा लॉगही हेच करतो. काय करणार आहोत ते आधी लॉगमध्ये लिहायचं, मग मुख्य तक्त्यात उतरवायचं. मध्येच लाइट गेली तर सिस्टिम उठल्यावर लॉग वाचते. पूर्ण झालेलं पुन्हा करून ठेवते, अर्धवट राहिलेलं पुसते. आपांना हे सांगितलं. म्हणाल्या, "म्हणजे तुमचं मशीन माझ्याकडंच शिकलं." बायका खिदळल्या.

१४ मे, बुधवार



स. १० ला स्कॅनर बंद. डिस्क भरली. चौदा बायका स्पिरिट लावलेले हात हवेत धरून बसलेल्या. भाऊ दारात. "किती वेळ?" "दहा मिनिटं."

सगळ्यात जास्त जागा लॉगच्या फाइलींनी खाल्लेली. काल रात्रीचा बॅकअप झाल्याची हिरवी खूण समोर होती. म्हणजे कालपर्यंतच्या लॉगची गरज नाही. निवडल्या, उडवल्या. सात मिनिटांत स्कॅनर सुरू. आतून टाळ्या. मीही हसले.

दु. १.२० लाइट गेली. यूपीएस दोनदा ओरडला आणि बसला. लाइट आली, सिस्टिम उठेना. कालची लॉग फाइल मागतेय. नाही म्हटलं की पुन्हा मागतेय. डिस्क काठोकाठ आल्यापासून नोंदी मुख्य तक्त्यांत नीट उतरल्याच नव्हत्या. जे काही होतं ते लॉगमध्ये, आणि लॉग मी उडवलेला.

मग कालचा बॅकअप उघडला. आकार शून्य. लिहायला जागाच नव्हती बिचाऱ्याला. खूण मात्र हिरवीगार.

सोमवारचा बॅकअप चढवला. दु. ४ ला सगळं सुरू. मंगळवार आणि आजची सकाळ, कोरी.

भाऊंनी विचारलं, "आलं सगळं परत?"

मी म्हटलं, "आलं."

का म्हटलं? जीभ कशी वळली? वाटलं, उद्या आपांसोबत बसून हळूच भरून काढू. दीड दिवसाचं तर आहे. कुणाला कळतंय.

१५ मे, गुरुवार

कळायला एकच रात्र लागली.

स. ११ बाहेरच्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट. लाइन ७ च्या मातृवृक्षात हरण्या रोगाचा विषाणू. त्या एका झाडापासून वाढवलेली, म्हणजे लाइन ७ ची, प्रत्येक बाटली बाद. इथून एक रोगट बाटली सुटली तर कांदेबागेला, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या लागवडीला, रावेरकडे हजारो रोपं जातील, आणि पानं पिवळी पट्टेदार झाल्यावरच शेतकऱ्याला कळेल. तोवर शेजारच्या बागेतही गेलेलं असतं.

भाऊ स्वतः स्क्रीनसमोर बसले. लाइन ७ ची बाटली न् बाटली काढ म्हणाले. सोमवारपर्यंतच्या निघाल्या. मंगळवार-बुधवारचं काही सापडत नाही. ग्रोथ रूममध्ये मात्र त्या दोन तारखांच्या बाटल्यांचे रॅकच्या रॅक भरलेले.

"वर्षा, काल तू म्हणालीस सगळं परत आलं."

"हो."

"मग हे कुठंय?"

गप्प राहिले. पाच सेकंद असतील. तेवढ्यात त्यांनी आपलं उत्तर आपणच काढलं. "म्हणजे बायकांनी स्कॅनच केलं नाही. गेल्या वर्षी दिवाळीच्या गडबडीत असंच केलं होतं त्यांनी."

आपांना बोलावलं. आपा म्हणाल्या, "भाऊ, झालंय स्कॅन. माझ्या डोळ्यांसमोर झालंय." भाऊ म्हणाले, "मग मशीन खोटं बोलतं का?"

आपांनी माझ्याकडे बघितलं. मी स्क्रीनकडे.

मंगळवारी मी स्वतः तिथे बसले होते. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय.

१६ मे, शुक्रवार

दोन दिवसांच्या सगळ्या बाटल्या फेकायच्या असं ठरलं होतं. तीन हजारांवर. स. ९ ला आपा आल्या. काल काही झालंच नाही अशा. "मॅडम, धुण्याच्या खोलीत चला जरा."

तिथल्या भिंतीच्या फरशा लेबलांनी भरलेल्या. रिकाम्या आईबाटल्या धुताना हिराबाई लेबलं सोलते. मोरीत टाकली तर मोरी तुंबते, म्हणून भिंतीला चिकटवते. तेही कसं, तर ज्या बाईच्या ट्रेमधली बाटली, तिच्या नंबराखाली. कारण काय? भांडण! कोण बाटल्या घाण करून पाठवतं यावरून तिची सगळ्यांशी जुंपते, म्हणून पुरावा ठेवते. आठवडा झाला की खरवडते. शनिवारी खरवडणार होती.

मी आणि आपा तीन तास फरशीवर उकिडव्या बसून वाचत होतो. आपा लेबलावरचा कोड वाचायच्या, मी लिहायची; आईबाटल्या जुन्या, त्यांची लाइन सोमवारपर्यंतच्या नोंदींत निघायची. लाइन ७ ची लेबलं फक्त चार नंबरांखाली: ३, ८, ११, १२. म्हणजे या चौघींच्या हातच्या दोन दिवसांच्या बाटल्या बाद, बाकी दहा जणींच्या वाचल्या. त्या चौघींनी दुसऱ्या लाइनीही कापल्या होत्या, त्याही जाणार, पण इलाज नाही. जिथे शंका तिथे फेकायचं.

काय आनंद झाला सांगू! आपांनी माझ्या पाठीत गुद्दा मारला. हिराबाई कमरेवर हात ठेवून उभी. "आता बोला म्हना, हिरा भिंत घान करते!"

यादी भाऊंना दाखवली. बघितली, मान हलवली, चांगलं झालं म्हणाले. मग आपांकडे वळून, "भिंतीवर लेबलं चिकटवायला वेळ होता, स्कॅन करायला नव्हता?"

आपा ओढणी सारखी करून निघून गेल्या.

बाटल्या वाचवायला भिंत होती. स्कॅन झालं होतं हे कुठल्याच भिंतीवर नाही. ते फक्त मला ठाऊक आहे.

१७ मे, शनिवार

बाद बाटल्या ऑटोक्लेव्हमध्ये उकडल्या. हिरवे कोंब बाहेर येताना शिजलेल्या पालेभाजीसारखे. ट्रान्सफर रूममध्ये ११ नंबरवाली रडत होती. तिचं काम सगळ्यात साफ असतं.

दु. ४ ला आपांना पत्र. देखरेखीतून मोकळं केलं, सोमवारपासून टेबलावर कोंब कापायला. कारण: नोंदी ठेवण्यात हलगर्जीपणा. नऊ वर्षं.

पत्र टाइप कुणी केलं? ऑफिसचा संगणक बंद होता, म्हणून भाऊंनी मला दिलं. हलगर्जीपणा हा शब्द मी टाइप केला. एकदा चुकला, खोडून परत केला.

चहाला आपा शेजारीच बसल्या. "मॅडम, तुम्ही मशीनमध्ये नीट बघा हो. कुठंतरी असेल. हवेत थोडंच जाईल?"

"बघते," म्हटलं.

शी.

१८ मे, रविवार. धुळे

सकाळच्या गाडीने नानांकडे. आई गेल्यापासून महिन्यातून एक रविवार. नाना एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, अजूनही गाडी फलाटाला लागली की घड्याळ बघतात.

मी भाजी चिवडत होते. "काय व्हयनं तुले?" काही नाही म्हटलं. "तू मना जोडे खोटं बोली राहिनी." माझी बाकी सगळी भाषा जळगावची झाली, पण नाना अहिराणीत बोलले की मी दहा वर्षांची होते. सगळं सांगितलं. लॉग, बॅकअप, आपा. लॉग म्हणजे काय हे त्यांना मिनिटभरात कळलं. भाऊंना तीन वर्षांत कळलं नाही.

सुपारी कातरायला घेतली. मग, "तिले सांगं का?"

"आपांना? भाऊंना सांगणार आहे उद्या."

"मी तिनं इचारं."

आपांना सांगितलं का, हे विचारत होते. मी ताटं उचलली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. येताना पिशवीत गूळ-शेंगदाणे कोंबले, नेहमीसारखे.

१९ मे, सोमवार

सांगितलं. भाऊंना. दार लावून, उभ्यानेच. लॉग मी उडवला. बॅकअप उघडून बघितला नाही. सगळं परत आलं हे खोटं होतं. बायकांनी स्कॅन केलं होतं.

वाटलं होतं, ओरडतील. काढून टाकतील. तयारीनेच गेले होते, ड्रॉवर रिकामा करून.

भाऊंनी पाणी प्यायलं. चष्मा पुसला. "आणखी कुणाला माहितीय?"

"कुणाला नाही."

"मग राहू दे. ३० तारखेला लॅबच्या प्रमाणपत्राच्या तपासणीला माणसं येतायत. बायका चुकल्या, समज दिली, हे कागदावर चालतं. सर्व्हरवरच्या नोंदीच उडाल्या, हे चालत नाही. प्रमाणपत्र गेलं तर चौदाही जणी घरी बसतील. तपासणी होऊ दे, आपाला मी परत घेतो ना."

मग म्हणाले, "तू प्रामाणिकपणे सांगितलंस, मला आवडलं."

खरं लिहायचं तर बाहेर आले तेव्हा हलकं वाटत होतं. गाणं गुणगुणत स्कूटरला किक मारली. घरी येऊन भात टाकला आणि मग लक्षात आलं, आपांच्या बाबतीत तसूभरही बदललं नाही.

२० मे, मंगळवार

नवी डिस्क आली. एका शब्दात मंजूर झाली.

आपा टेबल नं. १४ वर. गुडघे दुखतात त्यांचे, उंच स्टुलावर पाय लोंबकळतात. नवी देखरेख करणारी मुलगी प्रत्येक गोष्ट त्यांनाच विचारते. त्याही सांगतात.

२१ मे, बुधवार

रोज बॅकअप दुसऱ्या मशीनवर चढवून, उघडून बघायचं सुरू केलं. नोंदी मोजायच्या, जुळवायच्या. एक तास जातो. हे आधी केलं असतं तर. असो.

लोणच्याची बरणी रिकामी करून परत द्यायची आहे. देताना काय बोलू, म्हणून टेबलाखालीच ठेवलीय.

२२ मे, गुरुवार

ही वही वाचली, १४ तारखेपासून. वाचताना मी किती शहाणी वाटते! सगळं कळतं, सगळं कबूल. इथे लिहिलं की काम झाल्यासारखं वाटतं.

पण लॉगमध्ये नुसतं लिहून भागत नाही. अमुक बदलतोय, तमुक बदलतोय अशा शंभर ओळी असल्या तरी शेवटी 'पूर्ण' अशी नोंद पडावी लागते. ती नसेल तर उठल्यावर सिस्टिम त्या शंभरही ओळी उलट्या फिरवते, झालंच नाही असं धरते. नव्व्याण्णव जागी बदल झाले आणि शंभरावा राहिला, तरी सगळं रद्द. अर्ध्याला किंमत नाही. मी नव्या पोरांना हे शिकवते, फळ्यावर चित्र काढून.

भाऊंना सांगून ठेवलंय आणि आपांना नाही. नानांनी एका वाक्यात हेच विचारलं होतं.

भीती कसली? नोकरीची आहेच. पण त्याहून आपांच्या तोंडाची. त्या मला चांगली समजतात. ते गेलं की काय राहतं माझं तिथे?

प्रमाणपत्राचं भाऊ म्हणतात ते खोटं नाही. चौदा घरं. याच्या आड लपतेय की खरंच काळजी आहे, मलाच सांगता येत नाही. दोन्ही असेल.

२४ मे, शनिवार

सांगितलं.

दु. ४ चा चहा. चौदाही जणी, हिराबाई, नवी मुलगी. मी उभी राहिले. कुणाचं लक्ष नव्हतं, दोनदा "ऐका जरा" म्हणावं लागलं. मग भडाभडा बोलले. मंगळवार-बुधवारचं तुम्ही सगळं स्कॅन केलं होतं. नोंदी माझ्या हातून गेल्या. मी भाऊंना खोटं सांगितलं, म्हणून तुमच्यावर आलं. आपांचा काहीही दोष नाही.



११ नंबरवाली म्हणाली, "म्हंजे आम्ही खोट्या नव्हतो." बस. एवढंच.

आपांनी कप खाली ठेवला. मला वाटलं होतं, रागावतील आणि मग पाठीत गुद्दा मारतील. काय एकेक आशा असते माणसाला.

"कधी कळलं तुम्हाला?"

"म्हणजे... त्याच आठवड्यात..."

"दस दिन," आपा म्हणाल्या. मोठ्याने नाही. "दस दिन तुम्ही माझ्या बाजूला बसून चहा प्यायल्या. त्या भिंतीपुढं आपण तीन तास बसलो. मी तुम्हाला म्हटलं, नीट बघा, कुठंतरी असेल. तुम्ही म्हटलं, बघते."

"आपा..."

"पत्र घरी नेलं मी. घरातल्यांनी वाचलं. आमच्या यांनी विचारलं, खरंच केलं नव्हतं का गं? नऊ साल में पहली बार पूछा."

उठल्या, हात धुतले, टेबलावर गेल्या. बाकीच्या त्यांच्यामागे. हिराबाई तेवढी थांबली, माझा कप उचलला. "धुते," म्हणाली.

भाऊंच्या कानावर अर्ध्या तासात गेलं. फोन आला. "सोमवारी भेट." ठेवला.

२५ मे, रविवार

दिवसभर कपडे, भांडी, गच्चीवर पापड. नानांचा फोन. "सांगं का?" "सांगं, नाना." "मंग?" "रागावल्या." "रागवतीनच," म्हणाले. "तुले काय वाटनं, पेढा दी?" हसू आलं आणि लगेच रडूही. नाना फोन धरून थांबले, ठेवला नाही.

२६ मे, सोमवार

भाऊ स. १० ला. बोलले थोडंच. मी त्यांचा शब्द मोडला. ३० तारखेपर्यंत माझं काय करायचं ते ठरवणार नाहीत. आपांचं पत्र मागे घेणार का, विचारलं. "तपासणीनंतर." आणि तपासणीवाल्यांनी नोंदींचं विचारलं तर? "तुला विचारणार नाहीत. तू त्या दिवशी सुट्टीवर आहेस."

सं. ५ ला आपा सर्व्हरच्या खोलीच्या दाराशी. या खोलीत त्या कधी येत नाहीत. खांद्याला पिशवी, बसची वेळ झालेली. मी खुर्ची दिली, बसल्या नाहीत.

"मॅडम, तुम्ही शनिवारी बोलल्या ते हवेत गेलं. माझ्यावर आलं ते कागदावर आहे. लिहून द्या."

लिहिलं. हातानेच, टाइप नाही केलं. काय उडवलं, कशाने गेलं, बायकांनी स्कॅन केल्याचं मंगळवारी मी स्वतः बघितलं होतं, सगळं. नाव, सही, तारीख.

आपांनी कागद दिव्याजवळ धरून वाचला. मराठी सावकाश वाचतात, ओठ हलवत. एक जागा बोटाने दाखवली. तिथे मी लिहिलं होतं: 'सदर बाब नंतर माझ्या लक्षात आली.'

"हे नंतर म्हणजे कधी?"

मी पेनाला टोपण लावायला लागले.

"कधी कळलं ते लिहा."

वाक्य खोडलं. वर लिहिलं: 'बुधवार, १४ मे, दुपारी चार वाजता मला हे माहीत होतं.' खोडलेल्यावर पुन्हा सही केली.

आपांनी तेवढंच परत वाचलं. कागदाची घडी केली, दोनदा, आणि पिशवीत डब्याच्या खाली सरकवली. भाऊंना दाखवणार, घरी दाखवणार, की ३० तारखेला येणाऱ्यांच्या हातात देणार, बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. विचारायचा हक्क नव्हता.

दाराशी जरा थांबल्यासारख्या वाटल्या, पण चप्पल घालत होत्या.

५.३० ची बस त्यांना मिळाली. खिडकीतून दिसत होतं.